प्री-मेड मुलांनी मेजर कसा निवडावा: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

गणपतीच्या जेवणात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात बाराव्या ग्रेडमधल्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "मुलीला डॉक्टर व्हायचंय. म्हणजे बायोलॉजीच घ्यायला हवं ना?" घ्यायलाच हवं असं अजिबात नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही, कारण आपल्या डोक्यात पीसीबी, नीट आणि एमबीबीएस ही साखळी पक्की बसलेली असते. इथे रस्ता वेगळा आहे. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेड स्कूलची (मेडिकल कॉलेजची) प्रवेशपरीक्षा आणि अर्ज, मग एमडी किंवा डीओ या डॉक्टरकीच्या पदवीची चार वर्षं, आणि त्यापुढे शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरवायचा तो या पहिल्या चार वर्षांपुरता. 'प्री-मेड' नावाची पदवी बहुतेक कॉलेजांत मिळत नाही. मेड स्कूलला जाण्याचा इरादा आणि त्यासाठी घ्यायचे ठरावीक कोर्स, एवढंच प्री-मेड असतं.

पूर्वी इथेही पदवीची अट नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या मधल्या कुठल्याही पदवीशिवाय. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने आपल्या नव्या मेड स्कूलसाठी पदवी सक्तीची केली, आणि वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर आधी विज्ञान शिकून येण्याची अट देशभर रुळली. आज मुलं ज्या कोर्सेसच्या यादीने धास्तावतात, तिचं मूळ तिथे आहे.

मी पालकांना एकच गोष्ट सांगते. मेजर असा हवा, ज्याचा अभ्यास मूल चार वर्षं आपणहून करेल, ज्यात ग्रेड टिकतील, ज्यात मेड स्कूलच्या कोर्सेसना जागा उरेल, आणि उद्या डॉक्टर व्हायचं नाही असं ठरलं तरी ज्या पदवीच्या जोरावर नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळेल. या चारही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. कशा, ते पुढे क्रमाने सांगते.

पायरी १ : आधी मेड स्कूलच्या अटी मांडा

मेजरचा विचार करण्याआधी ही यादी समोर ठेवा. बहुतेक मेड स्कूल साधारण एवढं मागतात: लॅबसकट एक वर्ष बायोलॉजी, लॅबसकट एक वर्ष जनरल केमिस्ट्री, लॅबसकट एक वर्ष ऑरगॅनिक केमिस्ट्री, लॅबसकट एक वर्ष फिजिक्स, एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, एक वर्ष इंग्लिश किंवा लेखनाचे कोर्स आणि थोडं गणित, त्यातही स्टॅटिस्टिक्स. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी प्रत्येक जण मागत नाही, पण २०१५ पासून एमकॅटचा चौथा भाग याच विषयांवर आहे. त्यात साधारण ६५ टक्के सायकॉलॉजी आणि ३० टक्के सोशिऑलॉजी असते. म्हणून दोन्हींचा एकेक कोर्स घ्यावाच.

प्रत्येक मेड स्कूलची यादी थोडी वेगळी असते. काही ठिकाणी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालते. टेक्सासच्या सरकारी मेड स्कूलसाठी अर्जाची यंत्रणाच वेगळी आहे, आणि तिथे बायोलॉजीचे क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) सहसा जास्त लागतात. आपल्या राज्यातली सगळी आणि बाहेरची पाच-सहा मेड स्कूल निवडून त्यांच्या अटी एका कागदावर उतरवा. एएएमसी ही मेड स्कूलची संघटना एमएसएआर नावाची माहितीसूची चालवते. तिची वर्षाची वर्गणी भरली की बहुतेक गोष्टी एका जागी सापडतात.

एपीबद्दल (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) मात्र नीट समजून घ्या, कारण आपली मुलं हायस्कूलमधून एपीची रास घेऊन येतात. कॉलेज एपी बायोलॉजीचे क्रेडिट देईल, पण मेड स्कूल ते मोजेलच असं नाही. बरीच मेड स्कूल म्हणतात, एपी चालेल, पण त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स कॉलेजात घेतलेला दाखवा. शिवाय एपी केमिस्ट्रीत ५ पैकी ५ आले म्हणून पहिल्याच सेमिस्टरला थेट ऑरगॅनिकमध्ये बसणं धोक्याचं असतं. नवं गाव, नवी खोली, पहिल्यांदाच एकटं राहणं, आणि वर्गात दुसऱ्या वर्षाची मुलं. घाई नसेल तर जनरल केमिस्ट्री पुन्हा घेऊन पाया पक्का केलेला बरा.

हे कोर्स पास-फेलवर घेऊ नयेत, अक्षर-ग्रेडच घ्यावी.

पायरी २ : क्रेडिटचा हिशोब करा

ही पायरी बहुतेक घरं गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

अमेरिकन पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. वरच्या यादीतल्या कोर्सेसची बेरीज कॉलेजप्रमाणे ४५ ते ५५ क्रेडिट होते. आपण ५० धरू. म्हणजे उरले ७०. त्यात कॉलेजचे सर्वांना सक्तीचे जनरल एज्युकेशनचे कोर्स बसवायचे आणि मेजरही पुरा करायचा.

आता एकेक मेजर या चौकटीत घालून बघा. बायोलॉजीचा मेजर समजा ६० क्रेडिटचा आहे. त्यातली बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित ही प्री-मेडच्या यादीतच आहेत, तेव्हा वेगळे असे वीस-पंचवीस क्रेडिटच लागतात. न्यूरोसायन्स आणि बायोकेमिस्ट्रीचंही तसंच. म्हणूनच एवढी मुलं तिकडे वळतात. एएएमसीच्या आकडेवारीत निम्म्याहून जास्त अर्जदार जीवशास्त्राच्या शाखांतले असतात. सोय हे त्याचं कारण आहे, मेड स्कूलची पसंती हे नाही.

इतिहासाचा मेजर ३६ क्रेडिटचा असेल तर प्री-मेडशी त्याचा एकही कोर्स जुळत नाही, पण ५० आणि ३६ मिळून ८६ च होतात. जनरल एज्युकेशनमधलं बरंचसं दोन्हीकडून आपोआप भागतं. म्हणजे इतिहास घेऊन प्री-मेड आरामात बसतं. हा हिशोब पाहून आईवडील चकित होतात.

इंजिनिअरिंगचं गणित सर्वांत घट्ट. पदवीच १२५ ते १३० क्रेडिटची, त्यातले बहुतेक कोर्स ठरलेले, ऐच्छिक फार थोडे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये फिजिक्स, गणित, जनरल केमिस्ट्री येऊन जातं, पण ऑरगॅनिकचं दुसरं सेमिस्टर, बायोकेमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या लॅब बहुतेक वेळा वरून घ्याव्या लागतात. एक उन्हाळा किंवा एक जादा सेमिस्टर त्यात जातं, आणि त्या सेमिस्टरची फीही आपल्यालाच भरायची असते.

कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक मेजरचं नमुना वेळापत्रक असतं. मुलाने आपल्या हाताने आठ सेमिस्टरांचा तक्ता करावा. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री, हा नेहमीचा क्रम. लॅब असलेले दोन विज्ञान-कोर्स एका सेमिस्टरला पुरेत. तीन झाले की ग्रेड घसरायला लागतात. तक्ता भरल्यावर कुठे श्वास घ्यायलाही जागा नसेल, तर तो मेजर कागदावरच नापास झाला असं समजा. कारण याच चार वर्षांत हॉस्पिटलमधलं स्वयंसेवेचं काम, डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं (शॅडोइंग), रिसर्च आणि एमकॅटची तयारीही व्हायची आहे.

पायरी ३ : ग्रेडचं गणित समजून घ्या

एमडीच्या बहुतेक मेड स्कूलचे अर्ज एएमकॅस या एकाच यंत्रणेतून जातात. ती यंत्रणा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी (ए म्हणजे ४, सी म्हणजे २), स्वतः काढते. एकूण जीपीए वेगळा, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित या चौघांचा बीसीपीएम जीपीए वेगळा. न्यूरोसायन्स बायोलॉजीत मोजलं जातं आणि स्टॅटिस्टिक्स गणितात. इंजिनिअरिंग, सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ हे बीसीपीएमच्या बाहेर. म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलाने थर्मोडायनॅमिक्समध्ये जीव ओतून ए मिळवला, तरी इंजिनिअरिंग विभागाचा तो कोर्स विज्ञानाच्या जीपीएला हात देत नाही.

एक उदाहरण करून बघू. चाळीस क्रेडिटचं विज्ञान झालं, सगळीकडे ए, आणि ऑरगॅनिकच्या एका चार क्रेडिटच्या कोर्सला सी. बीसीपीएम जीपीए ४.० वरून ३.८ वर आला. आता तोच कोर्स पुन्हा घेऊन ए मिळवला, तर कॉलेजच्या कागदावर कदाचित जुनी ग्रेड पुसली जाईल, पण एएमकॅस दोन्ही मोजतं. जीपीए होतो फक्त ३.८२. प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.७५ च्या वर आणि एमकॅट ५११ च्या वर असतो, हे लक्षात घेतलं की एका सीची किंमत कळते.

म्हणून 'अवघड मेजर घेतला तर छाप पडेल' या समजुतीला मी ठामपणे विरोध करते. निवड समितीतले लोक अवघड अभ्यासक्रमाचं कौतुक करतील, पण ३.४ ला ३.८ समजणार नाहीत. ज्याला इंजिनिअरिंगची खरी ओढ आहे, त्याने ते जरूर घ्यावं आणि ग्रेड सांभाळाव्यात. छाप पाडायला मात्र घेऊ नये.

पायरी ४ : कोणता मेजर, हे आता बघा

एएएमसी दरवर्षी मेजरनुसार अर्जदारांचे आणि प्रवेश मिळालेल्यांचे आकडे जाहीर करते. ५० हजारांहून जास्त अर्जदार, २३ हजारांच्या आसपास जागा. त्या तक्त्यात वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: मानव्यविद्या, गणित आणि भौतिक विज्ञानं घेतलेल्यांचा प्रवेशाचा टक्का जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी नसतो, उलट थोडा जास्तच असतो. आरोग्यसेवेच्या खास मेजरांचा थोडा कमी असतो. यावरून 'इतिहास घेतला की प्रवेश सोपा' असं अनुमान काढू नका. इतिहास घेऊन मेड स्कूलला जाणारी मुलं संख्येने कमी आणि आधीच निवडक असतात. एवढं मात्र नक्की की मेजरच्या नावामुळे दार बंद होत नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेड स्कूलने १९८७ मध्ये मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी वाट उघडली. त्यांना ऑरगॅनिक, फिजिक्स आणि एमकॅट यांतून सूट होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुलं मेड स्कूलमध्ये इतरांच्या तोडीस तोड ठरल्याचं दिसलं. हॅरॉल्ड व्हार्मस यांनी ॲमहर्स्टला इंग्लिश साहित्य घेतलं, हार्वर्डला त्याच विषयात एम.ए. केलं, त्यानंतर कोलंबियात डॉक्टर झाले आणि १९८९ मध्ये कॅन्सरच्या जनुकांवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलं. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं तर अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, ओहायोत युरॉलॉजिस्ट. मुलाने स्टॅनफर्डला बायोलॉजीबरोबर राज्यशास्त्र घेतलं, पुढे ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र शिकला, आणि मग हार्वर्डमधून सर्जन झाला. हॉस्पिटलची व्यवस्था कशी चालते आणि कुठे अडते, यावर त्यांनी जे काम केलं, त्यात त्या दुसऱ्या अभ्यासाचा वाटा उघड दिसतो.

आता एकेका मेजरबद्दल माझं मत.

बायोलॉजी, न्यूरोसायन्स, बायोकेमिस्ट्री: विषय आवडत असेल तर उत्तम. फक्त पदवीनंतर लगेच मेड स्कूल झालं नाही तर काय, हे विचारून ठेवा. नुसत्या बायोलॉजीच्या बी.एस.वर मिळणाऱ्या बहुतेक नोकऱ्या लॅबमधल्या, बेताच्या पगाराच्या असतात. जोडीला स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा मायनर (जोडविषय) घेतला तर रिसर्चमध्येही मागणी वाढते.

सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, मानववंशशास्त्र: एमकॅटच्या चौथ्या भागाला थेट उपयोग, आणि रुग्णाचं घर, पैसा, भाषा यांकडे पाहायची नजर येते. बीसीपीएमचे कोर्स यात आपोआप येत नाहीत, ते मुद्दाम बसवावे लागतात.

नर्सिंग, हेल्थ सायन्स: इथे जरा जपून. नर्सिंगमधली केमिस्ट्री पुष्कळदा 'आरोग्य-व्यवसायांसाठी' म्हणून वेगळी शिकवली जाते आणि मेड स्कूल ती धरत नाहीत. क्लिनिकलच्या पाळ्यांमुळे वेळापत्रकही हलत नाही. शिवाय नर्सिंग हा स्वतंत्र, मानाचा पेशा आहे. मेड स्कूलची पायरी म्हणून तो निवडू नये. निवड समितीही नेमकं हेच विचारते.

गणित, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र: मला व्यक्तिशः ही वाट फार आवडते. पदवीच्या जोरावर उद्या कुठेही नोकरी मिळते, आणि ज्या मुलांना ही ओढ असते त्यांच्या ग्रेडही चांगल्या राहतात.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान: एमकॅटच्या कार्स या भागात ९० मिनिटांत लांब उतारे वाचून ५३ प्रश्न सोडवायचे असतात, आणि नेमकी तिथेच आपली भरपूर मुलं अडतात. ज्याला रोज शंभर पानं वाचायची सवय झाली, त्याला हा भाग जड जात नाही. मुलाला खरंच हे विषय हवे असतील तर 'लोक काय म्हणतील' म्हणून अडवू नका.

डबल मेजरला मेड स्कूल वेगळं वजन देत नाहीत. वेळ असेल आणि आवड असेल तरच करावा. पदवी आणि मेड स्कूल दोन्हींचा प्रवेश एकदमच देणाऱ्या बीएस-एमडीच्या एकत्र कार्यक्रमांत शिरलेल्या मुलांनाही मेजर निवडावा लागतो. ब्राउनच्या आठ वर्षांच्या कार्यक्रमात तर कुठलाही विषय चालतो, आणि ती मोकळीक वाया घालवू नये.

पायरी ५ : व्हिसा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकन नागरिकांसाठी लिहिलेले असतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांची अडचण त्यात येतच नाही, म्हणून हे थोडं सविस्तर लिहिते.

आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल, तर २१ वर्षं पूर्ण होताच एच-४ संपतो. ग्रीन कार्डची रांग तोवर सरकली नाही, तर मुलाला एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागतो, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातच. त्यानंतर मेड स्कूलच्या दृष्टीने ते मूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थी, मग ते दुसरीपासून न्यू जर्सीत वाढलेलं का असेना. बरीच मेड स्कूल आंतरराष्ट्रीय अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही चारही वर्षांची फी आधी दाखवायला सांगतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. बारावीनंतर महाराष्ट्रातून थेट एफ-१ वर आलेल्यांचीही हीच स्थिती.

अशा मुलांच्या बाबतीत मेजरच्या निवडीला फार वजन येतं. एफ-१ वर पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं. मेजर स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने. आणि ओपीटीतलं काम मेजरशी संबंधित असावं लागतं. बायोलॉजी किंवा न्यूरोसायन्स केलेल्याला हॉस्पिटलच्या रिसर्चमधली नोकरी सहज जुळते. साहित्याच्या पदवीवर तीच नोकरी जुळवणं फार कठीण. आज निम्म्याहून जास्त मुलं पदवी आणि मेड स्कूल यांच्यात एक-दोन वर्षं काम करतात, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकासमोर येतो. एकाच नावाचा मेजर एका कॉलेजात स्टेम असतो, दुसऱ्यात नसतो. अर्थशास्त्राचं तसं होतं: इकॉनोमेट्रिक्सच्या कोडखाली नोंदलेलं असेल तर स्टेम, साधं असेल तर नाही. मेजर जाहीर (डिक्लेअर) करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन त्या मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला क्रमांक, लेखी मागून घ्या.

एच-४ वर असताना पगारी काम करता येत नाही, म्हणून स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा ईएमटीची (ॲम्ब्युलन्सवरची) नोकरी बंद. स्वयंसेवा आणि क्रेडिटसाठी केलेला रिसर्च चालतो. ज्या विभागात रिसर्चसाठी क्रेडिट मिळतात, तिथला मेजर अशा मुलांना सोयीचा पडतो.

ग्रीन कार्डवाल्यांनी आणि नागरिकांनीही पैशाचा विचार आताच करावा. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेड स्कूलच्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच मिळणार आहे. पुष्कळ मेड स्कूलचा खर्च याहून जास्त आहे. अंडरग्रॅडला जादा सेमिस्टर लावणारा मेजर म्हणूनच दोनदा विचार करून घ्यावा.

पायरी ६ : कॉलेजला हे विचारा

कॅम्पस बघायला जाल तेव्हा इमारतींपेक्षा या प्रश्नांना वेळ द्या. प्री-हेल्थ ॲडव्हायजर आहे का, आणि त्याच्याकडे किती मुलं आहेत? कॉलेज कमिटी लेटर, म्हणजे कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र, देतं का, आणि ते सगळ्यांना मिळतं की ठरावीक जीपीएच्या वरच्यांनाच? 'आमची ९० टक्के मुलं मेड स्कूलला जातात' असं सांगणाऱ्या कॉलेजला विचारा, पहिल्या वर्षी किती जण प्री-मेड होते आणि शेवटी किती जणांना अर्ज करू दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेजर बदलता येतो का? मोठ्या सरकारी विद्यापीठांत काही मेजर कॅप्ड, म्हणजे मर्यादित जागांचे, असतात. बाहेरून त्यांत शिरायला ठरावीक ग्रेड लागतात, कधी तर दारच बंद असतं. कॅलिफोर्नियात हे फार दिसतं. अशा ठिकाणी हवा तो मेजर अर्जातच लिहावा लागतो.

पायरी ७ : तीन सेमिस्टर चाखून बघा, मग डिक्लेअर करा

बहुतेक कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मेजर जाहीर करायचा असतो. तोवर दर सेमिस्टरला एक कोर्स विज्ञानाबाहेरचा घ्यावा, नुसता जनरल एज्युकेशनचा रकाना भरायला नव्हे, तर तो विषय आपला वाटतो का हे बघायला. मुलाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. फोनवर कोणत्या वर्गाबद्दल ते न विचारता सांगतं? कोणत्या प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना आपणहून जातं? मेड स्कूलच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि ओळखीच्या प्रोफेसरने मनापासून लिहिलेलं पत्र अशाच वर्गातून मिळतं.

मुलाने "मला डॉक्टर व्हायचं नाही" असं दुसऱ्या वर्षी म्हटलं, तर ते ऐकून घ्या. जनरल केमिस्ट्रीनंतर बरीच मुलं वाट बदलतात, आणि तेव्हा बदलणं स्वस्त असतं. उलटही घडतं. एखादी मुलगी अर्थशास्त्राची पदवी पुरी करून तेविसाव्या वर्षी ठरवते की मेडिसिनच करायचं. तिच्यासाठी पोस्ट-बॅक कार्यक्रम असतात. वर्ष-दीड वर्षात राहिलेले विज्ञानाचे कोर्स पुरे करून ती इतरांसारखाच अर्ज करू शकते. तिने आधीचं कॉलेज सोडताना सगळ्या कोर्सेसचे सिलॅबस जपून ठेवावेत, कारण कुठला कोर्स कुठल्या अटीत बसतो याची शहानिशा करताना मेड स्कूल ते मागू शकतं.